देवयानी येते आहे, पण धडकेलच असे नाही

वाचकांचे प्रश्न

आपली आकाशगंगा आणि शेजारची देवयानी दीर्घिका यांची टक्कर हा विषय वाचकांना मोठा जिव्हाळ्याचा दिसतो. त्यावर आलेल्या पत्रांतले सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरे देत आहोत.

‘४०० कोटी वर्षांनी दोन्ही दीर्घिका धडकणार’ असे आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो. २०२५ मध्ये मात्र ‘टक्कर होण्याची शक्यता निम्मीच’ अशी बातमी आली. आधीचे चुकले होते का? (सांगली)

चुकले नव्हते, अपुरे होते. फरक कुठे पडला ते पाहू.

देवयानी आपल्याकडे येते आहे याबद्दल वाद नाही. प्रश्न असा की ती नेमकी आपल्या रोखाने येते आहे की थोडी बाजूला सरकत येते आहे. या बाजूच्या वेगाला आडवा वेग म्हणू. सगळे भाकीत त्याच्यावर टांगलेले आहे. आडवा वेग शून्याजवळ असेल तर समोरासमोर धडक होईल. तो सेकंदाला शंभर किलोमीटरच्या घरात असेल तर देवयानी बऱ्याच अंतरावरून निघून जाईल.

२०१२ मध्ये रोलंड व्हॅन डर मारेल यांच्या गटाने हबल दुर्बिणीची पाच ते सात वर्षांच्या अंतराने घेतलेली छायाचित्रे ताडून पाहिली. आडवा वेग सेकंदाला सुमारे १७ किमी निघाला आणि मापनातली त्रुटीही जवळजवळ तेवढीच होती. म्हणजे तो शून्यही असू शकत होता. ‘३९० ते ४०० कोटी वर्षांनी टक्कर, साधारण ६०० कोटी वर्षांत पूर्ण विलीनीकरण’ हा आकडा तिथून आला आणि पुस्तकांत जाऊन बसला.

नंतर युरोपच्या गाया उपग्रहाची मोजमापे आली. २०१९ मध्ये गाया आणि हबल यांचे आकडे मिळून आडवा वेग सुमारे ५७ निघाला. २०२१ मध्ये गायाच्या पुढच्या संचावरून तो ८२ च्या आसपास आला, त्रुटी ३१. शिवाय २०१२ च्या गणितात आपली आकाशगंगा, देवयानी आणि त्रिकोण दीर्घिका एवढ्या तिघीच होत्या. हेलसिंकी विद्यापीठाच्या टिल सावला यांच्या गटाने २०२५ मध्ये चौथा घटक घातला, मोठा मॅजेलन मेघ. आपली ही उपदीर्घिका वस्तुमानाने आकाशगंगेच्या सुमारे १५ टक्के आहे. ती आकाशगंगेला ज्या दिशेने ओढते ती दिशा देवयानीच्या मार्गाला जवळजवळ काटकोनात आहे, त्यामुळे आपणच रस्त्यातून थोडे बाजूला होतो. त्रिकोण दीर्घिकेचा परिणाम उलटा, तिच्यामुळे टकरीची शक्यता वाढते.

सगळ्या मोजमापांच्या त्रुटी लक्षात घेऊन या गटाने सुमारे एक लाख वेळा संगणकावर हा प्रवास चालवून पाहिला. पुढच्या १,००० कोटी वर्षांत विलीनीकरण होण्याची शक्यता जवळपास ५० टक्के निघाली. ४०० ते ५०० कोटी वर्षांत थेट धडक फक्त २ टक्के वेळा झाली. जिथे विलीनीकरण होते तिथेही ते बहुतेक वेळा ८०० ते १,००० कोटी वर्षांवर जाते.

‘४०० कोटी’ हा आकडा वर्गात शिकवायचा असेल तर ‘आडवा वेग शून्य धरला तर’ हे शब्द त्याच्याआधी हवेतच, असे आमचे स्पष्ट मत आहे. ही अट गळाली की तो आकडा खोटा ठरतो.

वेग मोजता येतो तर मग इतकी अनिश्चितता का? जवळ येण्याचा वेग तर शंभर वर्षांपूर्वीच मोजला होता ना? (नाशिक)

हो, १९१२ मध्ये. अमेरिकेत फ्लॅगस्टाफ इथल्या लोवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी २४ इंची दुर्बिणीला वर्णपटदर्शक लावून देवयानीचा प्रकाश काचेच्या प्लेटवर घेतला. प्रकाश इतका मंद की एकेका प्लेटला कित्येक तास, कधी ओळीने दोन-तीन रात्री लागत. कॅल्शियमच्या गडद रेषा आपल्या जागेवरून निळ्या बाजूला सरकलेल्या मिळाल्या, ही वस्तू जवळ येत असल्याची खूण. सरकणे किती, तर साधारण ०.१ टक्का. ३,९६८ आँगस्ट्रॉम (तरंगलांबीचे एकक) लांबीची रेषा सुमारे ४ आँगस्ट्रॉमने हललेली. ०.१ टक्का गुणिले प्रकाशाचा वेग म्हणजे सेकंदाला ३०० किमी.

हे ३०० सूर्याच्या तुलनेत आहेत. सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरताना सध्या बराचसा देवयानीच्याच दिशेने चालला आहे, त्यातले सुमारे १९० किमी त्याचे स्वतःचे. ते वजा केले की दोन्ही दीर्घिकांचा एकमेकींकडे येण्याचा खरा वेग सेकंदाला सुमारे ११० किमी उरतो. हे मोजमाप पक्के आहे, कारण वर्णपटाला अंतराशी देणेघेणे नसते. रेषा किती सरकली एवढेच बघायचे.

आडव्या वेगाला मात्र वर्णपट चालत नाही. तिथे दीर्घिका आकाशात प्रत्यक्ष किती सरकली ते मोजावे लागते. अंतर २५ लाख प्रकाशवर्षे. सेकंदाला ८० किमीने ती आडवी चालली तरी वर्षभरात एका विकलेच्या (अंशाचा ३,६०० वा भाग) सुमारे ४५ हजाराव्या भागाएवढीच सरकते. नागपुरात धरलेल्या केसाची जाडी मुंबईतून पाहिली तर साधारण एवढाच कोन होईल.

त्यातही घोळ असा की देवयानी स्वतःभोवती फिरते, तिचे तारे सेकंदाला सुमारे २५० किमीने धावतात. आपण मोजतो ते तारे. त्यांच्या वेगातून हे फिरणे वजा करायचे, सूर्याची गती वजा करायची, मग दीर्घिकेची म्हणून जी उरेल ती आपली. संदर्भासाठी मागच्या खूप दूरच्या दीर्घिका किंवा क्वासार (अतिदूरच्या दीर्घिकांची तेजस्वी केंद्रे) धरतात. दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीतून लहान संख्या काढायची तर मूळ मोजमापातली बारीकशी चूकही उत्तरात मोठी होऊन बसते. गायाचे निरीक्षण जानेवारी २०२५ मध्ये थांबले. आधीच्या संचांपेक्षा लांब काळाची मोजमापे असलेल्या चौथ्या संचासाठी डिसेंबर २०२६ हा महिना ठरवलेला आहे. आडव्या वेगाची त्रुटी कमी होण्याची खरी आशा त्यावर आहे.

मी साधा भागाकार केला. २५ लाख प्रकाशवर्षे, वेग ११० किमी. उत्तर ६८० कोटी वर्षे येते. मग ४०० कोटी कसे? (अकोला)

भागाकार बरोबर आहे. प्रकाशाचा वेग ३ लाख किमी, त्याचा २,७२७ वा भाग म्हणजे ११० किमी. २५ लाखांना २,७२७ ने गुणले की ६८० कोटी. यात तुम्ही वेग शेवटपर्यंत ११० च धरला आहे. प्रत्यक्षात दोघी एकमेकींना ओढतात आणि अंतर कमी होईल तशी ओढ वाढत जाते. शेवटच्या टप्प्यात वेग सेकंदाला कित्येक शे किलोमीटरवर जातो, म्हणून काळ कमी भरतो.

हेच गणित उलटे चालवून १९५९ मध्ये कान आणि वोल्टियर यांनी एक सुंदर निष्कर्ष काढला. विश्वाच्या सुरुवातीला सगळेच एकमेकांपासून दूर जात होते. आज या दोघी जवळ येत आहेत. एवढ्या काळात त्यांना आधी थांबवून मग माघारी वळवायचे तर किती वस्तुमान लागेल? उत्तर दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वस्तुमानाहून कितीतरी जास्त आले. न दिसणाऱ्या पण ओढ लावणाऱ्या कृष्णद्रव्याचा हा एक जुना आणि भक्कम पुरावा आहे.

विश्व प्रसरण पावते म्हणतात. मग ही एकटीच जवळ कशी येते? (बेळगाव)

प्रसरणाचा जोर अंतराबरोबर वाढतो, साधारण दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांना सेकंदाला ७० किमी. २५ लाखांवर तो पन्नाशीच्या आसपास येतो, आणि एवढ्या जवळ दोन भारी दीर्घिकांचे गुरुत्वाकर्षण त्याच्यावर मात करते.

दोन्हीकडे मिळून कोट्यवधी तारे आहेत. ते एकमेकांवर आपटणार नाहीत हे पटत नाही. (रत्नागिरी)

मग हिशेबच करू, कागद-पेन्सिलीने होण्यासारखा आहे.

सूर्याचा व्यास १४ लाख किमी. सर्वात जवळचा तारा प्रॉक्झिमा ४.२ प्रकाशवर्षांवर, म्हणजे सुमारे ४० लाख कोटी किमीवर. या अंतरात सूर्यासारखे सुमारे २ कोटी ८५ लाख गोळे एकाला एक चिकटून बसतील. तारे एकमेकांपासून इतके लांब आहेत.

आता शक्यता. सूर्याएवढे दोन तारे एकमेकांना लागायचे तर त्यांची केंद्रे १४ लाख किमीच्या आत यावी लागतील. १४ लाख किमी त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ६ लाख कोटी चौरस किमी. देवयानीत सुमारे १ लाख कोटी तारे धरा. सगळ्यांची मिळून ‘लक्ष्ये’ झाली ६ वर २४ शून्ये चौरस किमी. ही लक्ष्ये ज्या तबकडीत विखुरली आहेत तिची त्रिज्या निदान ५० हजार प्रकाशवर्षे धरली तरी क्षेत्रफळ ७ वर ३५ शून्ये. भागाकार केला की आपल्या एखाद्या ताऱ्याने एका फेरीत देवयानीतल्या कुठल्या तरी ताऱ्यावर आपटण्याची शक्यता सुमारे ११ हजार कोटींत एक येते. आकाशगंगेत २० हजार कोटी तारे धरले तर सबंध दीर्घिकेत अपेक्षित धडका दोन.

हे गणित ढोबळ आहे. बहुतेक तारे सूर्याहून लहान असतात, त्याने आकडा खाली येतो. जवळून जाणारे तारे एकमेकांना ओढून घेतात, त्याने तो काही पटींनी वर जातो. केंद्राजवळ ताऱ्यांची गर्दीही जास्त. तरीही संख्या हाताच्या बोटांच्या फार पलीकडे जात नाही.

तारे आपटत नाहीत तर दीर्घिका आरपार निघून का जात नाहीत? एक कशा होतात? (पणजी)

पत्रांतला सर्वात चांगला प्रश्न. याच्या उत्तरात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. १९४३ मध्ये सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी दाखवले की ताऱ्यांच्या गर्दीतून जाणारी जड वस्तू आजूबाजूचे तारे आपल्याकडे ओढते. ते जमेपर्यंत ती पुढे गेलेली असते, म्हणून तिच्या पाठीमागे दाट पट्टा तयार होतो आणि तो पट्टा तिला मागे खेचतो. कशाचा कशाला स्पर्श नाही, तरी वेग कमी होतो. याला डायनॅमिकल फ्रिक्शन म्हणतात. दोन दीर्घिकांना वेढणारी कृष्णद्रव्याची प्रभामंडले दिसणाऱ्या तबकड्यांच्या कितीतरी पट मोठी आहेत. ती एकमेकांत शिरली की हेच होते. सामूहिक धावेची ऊर्जा एकेका ताऱ्याच्या वेड्यावाकड्या हालचालीत वाटली जाते. पहिल्या फेरीत दोघी आरपार जातात, पण लांब जाण्याइतका वेग उरत नाही. त्या परत येतात, पुन्हा ओलांडतात, दर वेळी कमी अंतरावरून.

म्हणूनच पहिल्या फेरीतले अंतर निर्णायक ठरते. २०१९ च्या मोजमापांतून सुमारे ४५० कोटी वर्षांनी पहिली जवळीक निघते, पण केंद्रांमध्ये ४ लाख प्रकाशवर्षे राहतात. इतक्या लांबून गेल्यावर घर्षण कमी, आणि परत यायला शेकडो कोटी वर्षे जास्त.

संगणकाच्या आधी हे कसे तपासले ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४१ मध्ये स्वीडनच्या एरिक होल्मबर्ग यांनी एकेका दीर्घिकेसाठी ३७ असे एकूण ७४ विजेचे दिवे टेबलावर मांडले. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते आणि प्रकाशही तसाच कमी होतो, म्हणून त्यांनी ओढीच्या जागी प्रकाश वापरला. प्रत्येक दिव्याच्या जागी फोटोसेल ठेवायचा, कुठल्या दिशेने किती प्रकाश येतो ते मोजायचे, त्यावरून तो ‘तारा’ पुढच्या टप्प्यात किती सरकेल ते काढायचे, दिवे हाताने सरकवायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. जवळून जाताना दीर्घिकांचे आकार बिघडतात आणि त्या ऊर्जा गमावतात हे त्यांना यातून दिसले. १९७२ मध्ये अलार आणि युरी टूमरे या भावांनी संगणकावर दीर्घिकांना फुटणाऱ्या लांब शेपट्या आणि पूल हुबेहूब काढून दाखवले.

आकाशात हा प्रकार पाहायचा असेल तर हस्त नक्षत्राच्या हद्दीतली एनजीसी ४०३८ आणि ४०३९ ही जोडी, अँटेनी दीर्घिका. तिथे दोघींचे वायूचे ढग एकमेकांवर आदळून तारे झपाट्याने जन्मत आहेत. तारे आपटत नसले तरी वायू आपटतो, तो विरळ असला तरी सलग पसरलेला असतो. आपल्या बाबतीत तोवर बराचसा वायू तारे घडवण्यात खर्च झालेला असेल, त्यामुळे अँटेनीइतका भडका अपेक्षित नाही. शेवटी सर्पिल भुजा मोडून एक मोठी लंबवर्तुळाकार दीर्घिका उरते.

पृथ्वीचे काय होईल? (ठाणे)

पृथ्वीचा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी निकालात निघतो. सूर्याचे तेज दर १०० कोटी वर्षांना सुमारे १० टक्क्यांनी वाढते आहे. येत्या साधारण १०० कोटी वर्षांत समुद्र टिकणार नाहीत, आणि सुमारे ५०० कोटी वर्षांनी सूर्य तांबडा राक्षसी तारा होण्याच्या वाटेला लागेल. सूर्यमाला मात्र एकसंध राहील. समोरासमोर टक्कर होते असे धरून कॉक्स आणि लोब यांनी केलेल्या गणितात सूर्य लांब शेपटीत फेकला जाण्याची शक्यता सुमारे १२ टक्के आणि काही काळ देवयानीच्या ताब्यात जाण्याची सुमारे ३ टक्के निघाली होती.

दोन्ही केंद्रांतली कृष्णविवरे एक झाली तर आमच्या जिल्ह्यात होणारी लायगो वेधशाळा ती टिपू शकेल का? काळाचा भाग सोडून सांगा. (हिंगोली)

नाही, आणि कारण तिच्या रचनेतच आहे. औंढा नागनाथजवळ उभारली जाणारी लायगो-इंडिया सेकंदाला साधारण दहा ते काही हजार कंपनांच्या गुरुत्वीय लहरी पकडेल. अशा लहरी सूर्याच्या काही पट ते शंभरएक पट वस्तुमानाच्या कृष्णविवरांच्या मिलनातून येतात. आपल्या केंद्रातले कृष्णविवर ४३ लाख सूर्यांचे, देवयानीचे सुमारे १४ कोटी सूर्यांचे. कृष्णविवर जितके जड तितकी लहर संथ. इथे अगदी शेवटच्या क्षणीही एका कंपनाला काही तास लागतील, आणि मिलनाच्या खूप आधी तर वर्षे.

वर्षांच्या कंपनांसाठी वेगळीच पद्धत आहे, आणि तिचे एक ठिकाण महाराष्ट्रातच आहे. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने स्पंदकांचे, म्हणजे नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या मृत ताऱ्यांचे, ठोके वर्षानुवर्षे मोजतात. लहर मधून गेली की ठोके सेकंदाच्या अगदी सूक्ष्म भागाने पुढेमागे होतात. जून २०२३ मध्ये भारतीय आणि युरोपीय गटांनी मिळून अशा मंद लहरींच्या पार्श्वभूमीचा पुरावा जाहीर केला. विश्वभर विलीन होत असलेल्या दीर्घिकांतली महाकाय कृष्णविवरांची जोडपी हा तिचा सर्वात संभाव्य उगम मानला जातो.

‘टक्कर सुरू झालीसुद्धा’ असेही वाचले. (लातूर)

२०२० मध्ये हबलने देवयानीच्या मागच्या ४३ क्वासारांचा प्रकाश तपासून तिचे वायूचे प्रभामंडल सुमारे १३ लाख प्रकाशवर्षांपर्यंत, काही दिशांना २० लाखांपर्यंत पसरलेले असल्याचे दाखवले. आपलेही तसेच असेल तर त्यांच्या कडा भिडू लागल्या असणार. हा वायू कमालीचा विरळ आहे, त्याने वेगात फरक पडत नाही. बातमीचा मथळा जास्तच ताणलेला होता.

देवयानी महाराष्ट्रातून दिसते का? कशी शोधायची? (सातारा, जळगाव, फोंडा)

छान दिसते. पुण्याहून ती उत्तरेला क्षितिजापासून ६७ अंशांवर चढते, नागपूरहून ७० आणि गोव्यातून ६४. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात रात्री साडेनऊच्या सुमारास ती सर्वात उंच असते, डिसेंबरच्या उत्तरार्धात सव्वासातच्या आसपास. अमावास्येच्या आगेमागे चार-पाच दिवस निवडा आणि मोठ्या शहरापासून ५०-६० किमी लांब जा.

आधी पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांच्या चार ताऱ्यांचा मोठा चौकोन धरा, तोच महाश्वाचा चौकोन. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून ईशान्येला ताऱ्यांची ओळ निघते. त्या ओळीतला दुसरा ठळक तारा मिराक. तिथून शर्मिष्ठेच्या इंग्रजी एमसारख्या आकाराकडे वळा. सुमारे ४ अंशांवर म्यू हा मंद तारा लागेल, हात लांब केल्यावर मधल्या तीन बोटांची रुंदी ५ अंश, त्याहून थोडे कमी. तेवढेच अंतर आणखी पुढे गेलात की राखाडी, लांबट, विझल्यासारखा डाग दिसतो. तीच देवयानी, दृश्यप्रत (तेजाचा आकडा, जितका लहान तितके तेज जास्त) ३.४.

सापडत नसेल तर कारण बहुधा पुढीलपैकी एक असते. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि मोबाइल एकदा पाहिला की ती पुन्हा शून्यावर येते. नकाशा लाल प्रकाशात बघा. डागावर थेट रोखून पाहू नका, नजर किंचित बाजूला ठेवा. छायाचित्रांतल्या रंगीत भुजा शोधू नका, डोळ्याला फक्त मधला भाग दिसतो. शर्मिष्ठा आणि ययाती यांच्यामधला जोडगुच्छ हाही धूसर डाग आहे, पुष्कळ जण त्यालाच देवयानी समजून परत येतात.

साधन घ्यायचे तर ७×५० किंवा १०×५० द्विनेत्री पुरेशी. कोपर खुर्चीच्या हातावर टेकवा, नाहीतर थरथरीत कडा विरून जातात. दीर्घिका आकाशात तीन अंशांपर्यंत पसरली आहे, म्हणून दुर्बिणीत सर्वात कमी वर्धनाची नेत्रिका लावा. वर्धन वाढवले की दृश्य मंद होते आणि ती चौकटीबाहेर जाते. सहा इंची दुर्बिणीतून एम ३२ आणि एम ११० या तिच्या उपदीर्घिकाही दिसतील.

कॅमेऱ्यासाठी ५० मिमी भिंग, एफ २.८, आयएसओ ३२००, तिकाटणे. फुल फ्रेमवर ८ सेकंद, क्रॉप सेन्सरवर ५. याहून जास्त दिलेत तर तारे रेघा होतात. असे शंभर फोटो आणि झाकण लावून वीस घ्या, मग स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करा. फोकस ठळक ताऱ्यावर, लाइव्ह व्ह्यू मोठा करून हाताने साधा आणि कडीला चिकटपट्टी लावून टाका. नोव्हेंबरात भिंगावर दव धरते. दर वीस मिनिटांनी बॅटरीचा प्रकाश तिरका पाडून काच पाहा, पुसताना फोकस हलला तर पुन्हा साधा.

जळगावच्या वाचकांनी मोठा मॅजेलन मेघही विचारला आहे. तो जळगावहून उगवतच नाही. पुण्याहून क्षितिजावर जेमतेम दोन अंश आणि गोव्यातून पाचच्या आत राहतो, तिथल्या धुरकट हवेत तो हरवतो. कन्याकुमारीला तो १२ अंशांवर येतो. जानेवारीत, चंद्र नसताना, दक्षिणेला खुला समुद्र समोर असेल तर प्रयत्न करून पाहावा.